रोझेटचे तीन फिल्टर जोडले की सगळं हिरवं, हिरवं काढलं की चिखल

पहाटतारा

नमस्कार मंडळी. दोन महिने एकाच चित्रावर अडकलोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

विषय रोझेट तेजोमेघ, म्हणजे एकशृंगी तारकासमूहातला एनजीसी २२३७, मधल्या एनजीसी २२४४ या तारकागुच्छासकट. दुर्बीण ८० मिमीची अपवर्तक, रिड्यूसर लावून नाभीय अंतर ३८४ मिमी. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, सेन्सर उणे १० अंशांवर, पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे, त्यामुळे एका पिक्सेलला साधारण २ आर्कसेकंद आकाश येतं. तिन्ही फिल्टर ३ नॅनोमीटरचे. प्रत्येक फ्रेम ३०० सेकंदांची: हायड्रोजन-अल्फाच्या ७२, ओ-थ्रीच्या (ऑक्सिजन) ८४, एस-टूच्या (सल्फर) ९०. एकूण साडेवीस तास.

पहिल्या प्रयत्नात स्टॅक करून (फ्रेम एकावर एक रचून) ग्रेडियंट (पार्श्वभूमीचा असमान उजेड) काढला आणि तिन्ही चॅनेल हबल पॅलेटमध्ये सरळ जोडले: सल्फर लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. पूर्ण फूल पोपटी दिसलं. मग एससीएनआर हे हिरवं कमी करणारं अवजार शंभर टक्क्यांवर चालवलं. हिरवं गेलं, पण उरलं ते चिखलासारखं तपकिरी, आणि पाकळ्यांमधल्या काळ्या धुळीच्या रेषा, ज्या एकट्या हायड्रोजनच्या चित्रात सुरेख दिसतात, त्या पुसट झाल्या. धार लावली तर प्लॅस्टिकसारखा पोत आला.

दुसऱ्या प्रयत्नात जोडण्याआधी सल्फर आणि ऑक्सिजनला लिनियरफिटने हायड्रोजनच्या पातळीवर आणलं. रंग जरा बरे झाले, पण पार्श्वभूमीवर लालसर डाग पडले आणि सगळे तारे जांभळट-गुलाबी झाले.

चित्रांवर काम करायला माझ्याकडे पिक्सइनसाइट हे सॉफ्टवेअर आहे, सिरिलही येतं. साडेवीस तासांचा उजेड गोळा करून माझं चित्र असं का दिसतंय? अवजारांची नावं मला माहीत आहेत, पण कुठलं कधी आणि का वापरायचं ते समजत नाही.

---

ध्रुव४२

सगळ्यात आधी तारे वेगळे करा. स्टारनेट चालेल, स्टारएक्सटर्मिनेटर असेल तर तेही चालेल. ताऱ्यांसकट तेजोमेघ स्ट्रेच केला (अंधुक उजेड ताणून दिसता केला) की तारे फुगतात आणि मग रंगांचे सगळे प्रयोग ताऱ्यांच्या कडांवर फुटतात.

एससीएनआर शंभरवर कधीच नको, साठाच्या आसपास ठेवा. आणि फोरॅक्स पॅलेट वापरून पाहा, त्यात सोनेरी-निळं आपोआप येतं. माझी निम्मी चित्रं त्यावरच आहेत.

---

चांदणवेळ

पहाटतारा, एवढ्या तासांच्या डेटात बहुतेक काही कमी नसणार. नुकसान जोडण्याच्या टप्प्यावर होतंय, आणि त्यातला मोठा वाटा एससीएनआरचा आहे. ध्रुव म्हणतात त्याप्रमाणे साठावर ठेवलं तर नुकसान कमी होईल, थांबणार नाही. म्हणून आधी तो चिखल येतो कुठून ते सांगते.

हे अवजार नेहमीच्या सेटिंगवर प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल आणि निळ्याची सरासरी काढतं. हिरवा त्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर छाटून सरासरीइतका करतं. एवढंच त्याचं काम. आता तुमच्या चित्रात हिरवा कोण आहे? हायड्रोजन. तुमच्याकडचा सगळ्यात दमदार, सगळ्यात स्वच्छ चॅनेल. तो छाटून तुम्ही त्याच्या जागी सल्फर आणि ऑक्सिजनची सरासरी बसवलीत, म्हणजे तुमच्याकडच्या दोन सगळ्यात अशक्त चॅनेलांची. काळ्या धुळीच्या रेषा गेल्या त्या इथे गेल्या. नंतर धार लावायला घेतलीत तेव्हा धार लावण्याजोगं तिथे फारसं उरलंच नव्हतं. उरला होता नॉइज, आणि तोच धारदार झाला. प्लॅस्टिकसारखा पोत म्हणता तो हाच.

रंगाचंही तसंच. छाटलेला हिरवा दर वेळी लाल आणि निळ्याच्या बरोबर मध्ये येऊन बसतो. रोझेटच्या बाहेरच्या कडेला सल्फर जास्त, ऑक्सिजन जवळजवळ नाही. म्हणजे लाल वर, हिरवा मध्ये, निळा तळाला: हा झाला नारिंगी. हाच नारिंगी उजळ असता तर तुम्हाला सोनेरी वाटला असता. पण हिरवा छाटताना त्या भागातला बहुतेक उजेडही गेला, आणि काळवंडलेल्या नारिंगीलाच आपण तपकिरी म्हणतो. सॅच्युरेशन कितीही वाढवलं तरी त्यातून सोनं निघणार नाही, कारण तिथे उजेड कमी आहे.

लिनियरफिटच्या वेळी वेगळं झालं. समजा सल्फरचा संकेत हायड्रोजनच्या पाचव्या हिश्श्याइतका आहे. त्याला हायड्रोजनच्या पातळीवर आणायचं म्हणजे पाचाने गुणायचं, आणि गुणाकाराला संकेत कुठला आणि नॉइज कुठला हे कळत नाही. पार्श्वभूमीवरचे लालसर डाग म्हणजे तो पाचपट झालेला सल्फरचा नॉइज. जांभळट ताऱ्यांचं मूळही तिथेच आहे. ताऱ्याचा प्रकाश सलग वर्णपटाचा असतो, त्यामुळे सारख्याच रुंदीच्या तिन्ही फिल्टरमधून तो साधारण सारखाच येतो. तुम्ही लाल आणि निळा चॅनेल कित्येक पट वाढवलात आणि हिरवा होता तसा ठेवलात. लाल अधिक निळा म्हणजे जांभळट-गुलाबी, दुसरं काही होऊच शकत नव्हतं.

आता मी कसं करते ते सांगते. रोझेटवर मी तीन वेगवेगळ्या हंगामांत काम केलंय, म्हणून त्याचंच उदाहरण घेते.

पहिली संध्याकाळ मी रंगाला हात लावत नाही. तिन्ही मास्टर (प्रत्येक फिल्टरचं स्टॅक झालेलं चित्र) एकसारख्या तात्पुरत्या स्ट्रेचवर उघडते आणि एकामागून एक पाहत बसते, कागद-पेन्सिल घेऊन. रोझेटमध्ये हे करून बघाच. ऑक्सिजन मधल्या पोकळीच्या भोवती दाटलेला दिसेल, कारण तिथे एनजीसी २२४४ मधले ओ वर्गाचे तापलेले तारे आहेत. ऑक्सिजनच्या अणूचे दोन इलेक्ट्रॉन काढायचे तर दुसऱ्या इलेक्ट्रॉनलाच ३५.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि एवढ्या ऊर्जेचं अतिनील त्या ताऱ्यांजवळच भरपूर आहे. हायड्रोजनला १३.६ पुरतात, म्हणून तो फुलभर पसरलेला. सल्फरचा पहिला इलेक्ट्रॉन १०.४ मध्येच सुटतो, पण ताऱ्यांच्या जवळ त्याचा दुसराही निघून जातो आणि मग तो आपल्या फिल्टरला दिसत नाही. म्हणून तो कडांवर उठून दिसतो, जिथे तापलेला वायू संपून थंड धूळ सुरू होते. ही तीन चित्रं जिथे एकमेकांपासून वेगळी आहेत तिथेच रंग आहे. बाकी ठिकाणी रंग शोधू नका, तिथे तो नाही. कागदावर ती ठिकाणं खुणावून ठेवली की शेवटपर्यंत उपयोगी पडतात.

मग लिनियर, म्हणजे स्ट्रेच करण्याआधीच्या, अवस्थेतली कामं, प्रत्येक चॅनेलवर वेगळी: कडा कापणं, ग्रेडियंट काढणं, डिकॉन्व्होल्यूशन (धूसरपणा कमी करणं) करायचं असेल तर ते, थोडा नॉइज कमी करणं, आणि तारे वेगळे काढणं. ग्रेडियंट काढताना रोझेटसारख्या पसरट तेजोमेघात नमुन्याचे ठिपके तेजोमेघावर पडू देऊ नका, नाहीतर अंधुक बाहेरची पाकळीच पार्श्वभूमी समजून वजा होते. हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो, पुढे जाते.

त्यानंतर प्रत्येक ताराविरहित चॅनेल वेगवेगळा स्ट्रेच करते. लिनियरफिट वापरत नाही. मी जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच वापरते, तो सिरिलमध्येही आहे. दोन गोष्टी पाहते. तिन्हींची रिकामी पार्श्वभूमी एकाच पातळीवर यायला हवी. शून्य ते एकच्या मोजपट्टीवर मी ०.०८ च्या जवळ ठेवते. आणि तेजोमेघाचा मधला उजेड जवळपास यायला हवा, पण सल्फरला ओढून हायड्रोजनच्या बरोबरीला आणायचं नाही. त्याचा नॉइज डोळ्याला दिसायला लागला की थांबायचं. थोडा कमी राहिला तर राहू द्या.

अशक्त चॅनेलचा नॉइज मात्र जोडण्याआधी नि:संकोचपणे कमी करा, हायड्रोजनपेक्षा बराच जास्त. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. आपला डोळा तपशील उजेडातून वाचतो, रंगाच्या बाबतीत तो बराच ढोबळ आहे. सल्फर मऊ झाला तरी चित्रात ते जाणवत नाही, कारण त्याचं काम रंग द्यायचं आहे. धुळीच्या रेषा ल्युमिनन्समधून, म्हणजे चित्राच्या उजेडाच्या थरातून येतील.

जोडताना शुद्ध हबल मांडणीऐवजी पिक्सेलमॅथमध्ये (सूत्र लिहून चॅनेल मिसळायचं अवजार) मिश्रण करा. रोझेटसाठी माझी सुरुवात अशी असते: लाल चॅनेलमध्ये अर्धा सल्फर आणि अर्धा हायड्रोजन, हिरव्यात अर्धा हायड्रोजन आणि अर्धा ऑक्सिजन, निळ्यात पूर्ण ऑक्सिजन. मनात करून पाहा. जिथे फक्त हायड्रोजन आहे तिथे लाल आणि हिरवा सारखे, म्हणजे पिवळा. तिथे सल्फर आला की लाल वर चढतो, सोनेरी-नारिंगी होतो. जिथे ऑक्सिजनचं राज्य आहे तिथे निळा पूर्ण आणि हिरवा अर्धा, आकाशी. पोपटी फारसा येत नाही, आणि एससीएनआरची गरज सहसा पडत नाही. दर चॅनेलमधल्या वाट्यांची बेरीज एक असल्यामुळे पार्श्वभूमीही राखाडीच राहते. तोटा एवढाच, की सल्फर आणि हायड्रोजनमधला फरक जरा बुजतो. तो नंतर कर्व्ह्जमध्ये, फक्त पिवळ्या-नारिंगीवर रंगाचा मास्क लावून, ह्यू (रंगछटा) थोडा लालकडे ढकलून परत आणता येतो. ह्यू ढकलताना काही छाटलं जात नाही, हा मोठा फायदा.

ल्युमिनन्सबद्दल मात्र जरा थांबून सांगायचंय, कारण इथे माझ्या हातून एक चित्र वाया गेलं. हंस तारकासमूहात एनजीसी ६८८८ आहे, क्रेसेंट तेजोमेघ, मध्ये डब्ल्यूआर १३६ हा वुल्फ-राये तारा. त्याच्या हायड्रोजनच्या गाठींच्या बाहेर ऑक्सिजनचं पातळ आवरण असतं, साबणाच्या फुग्याच्या कडेसारखं. त्या आवरणासाठी मी ओ-थ्रीचे चौदा तास जमवले होते. आणि मग सवयीने हायड्रोजनचं चित्र ल्युमिनन्स म्हणून वर बसवलं, कारण ते सगळ्यात स्वच्छ होतं. आवरण गेलं. रंग तिथे होता, निळा होता, पण हायड्रोजनमध्ये तो भाग काळा आहे, म्हणून ल्युमिनन्सने त्याला काळा करून टाकलं. मला कळलं ते काही आठवड्यांनी, जुना ओ-थ्री मास्टर सहज उघडला तेव्हा. चौदा तासांचा उजेड चित्रात आणून मीच झाकला होता, याची चुटपुट अजून आहे.

म्हणून ल्युमिनन्स तिन्हींमधून बनवते. रोझेटमध्ये हायड्रोजन जवळजवळ सगळीकडे आहे, तेव्हा तो ६०, ऑक्सिजन ३०, सल्फर १० असं वजन पुरतं. क्रेसेंटमध्ये किंवा थॉर्स हेल्मेट, म्हणजे एनजीसी २३५९ मध्ये, ऑक्सिजनला बरोबरीचं स्थान द्यावं लागतं. नियम कुठला म्हणाल तर एवढाच: कागदावर खुणावलेली प्रत्येक जागा ल्युमिनन्समध्ये उजळ आहे का, हे तपासायचं.

तपशीलाचं सगळं काम या ल्युमिनन्सवर करा, रंगीत चित्रावर नको. मोठ्या आकारापासून लहानाकडे जा. आधी लोकल हिस्टोग्राम इक्वलायझेशन मोठ्या त्रिज्येवर, १५० पिक्सेलच्या आसपास, अगदी हलकं, म्हणजे पाकळ्या एकमेकींपासून सुटतात. मग ५० ते ६० वर आणखी हलकं, धुळीच्या रेषांसाठी. पोकळीच्या कडेचा उजेड भाजल्यासारखा वाटत असेल तर तिथे एचडीआर मल्टिस्केल, मास्क लावून. पार्श्वभूमी प्रत्येक वेळी मास्कने झाका. आणि त्याहून खाली जाऊ नका. तुमचे तारे समजा २ ते अडीच पिक्सेल रुंद आहेत. त्यापेक्षा बारीक असं काही तुमच्या दुर्बिणीने आणि त्या रात्रीच्या हवेने टिपलेलंच नाही. तिथे धार लावली तर दिसेल ते नॉइजचं असेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेची धार लावणारी अवजारं मीही वापरते, लिनियर अवस्थेत आणि बेताने. त्यांच्यासाठी माझी एकच परीक्षा आहे. रोझेटमध्ये काळ्या धुळीच्या छोट्या गोळ्यांची एक माळ आहे, बोक ग्लोब्यूल म्हणतात त्यांना. शेवटच्या चित्रात जितक्या गोळ्या दिसतात तितक्या अवजार न लावलेल्या हायड्रोजन मास्टरमध्ये दिसायला हव्यात. अंधुक चालतील, पण असायला हव्यात. एखादी जास्तीची निघाली तर मागे जायचं.

तारे शेवटी. शक्य असेल तर एखाद्या रात्री साध्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरने ३० सेकंदांच्या वीस-वीस फ्रेम घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यातले तारे वेगळे करून तेजोमेघावर स्क्रीन पद्धतीने बसवा: दोन्ही चित्रं उलटी करायची, गुणायची, उत्तर पुन्हा उलटं करायचं. साधी बेरीज केली तर उजळ भागातले तारे पांढरे फुटतात. रंग बरोबर आला का हे पाहायला गुच्छातच सोय आहे. तिथले तापलेले तारे निळसर-पांढरे यायला हवेत, आणि त्यांच्यात बसलेला १२ मोनोसेरोटिस पिवळसर. तो गुच्छाचा सदस्य नाही, वाटेत अलीकडे असलेला तारा आहे. माझ्यासाठी तो मोजपट्टी आहे.

फारच लांबलं. पण तुम्ही "का" विचारलंत म्हणून लिहिलं.

---

पहाटतारा

चांदणवेळ, हे दोनदा वाचलं. एससीएनआरचं स्पष्टीकरण वाचून मी हायड्रोजनचा मास्टर आणि माझ्या चित्राचा हिरवा चॅनेल शेजारी उघडले. अगदी तुम्ही म्हणता तसंच: हिरव्यात त्या रेषा नाहीतच.

एक शंका. प्रत्येक चॅनेल वेगळा स्ट्रेच केला तर त्यांच्यातलं खरं प्रमाण बिघडत नाही का? हायड्रोजन खरोखरच जास्त आहे, मग पोपटी चित्रच जास्त प्रामाणिक नाही का?

---

वर्णपट

मी हेच म्हणणार होतो. हायड्रोजन-अल्फा ६५६.३ नॅनोमीटर, एस-टूची जोडी ६७१.६ आणि ६७३.१. दोन्ही गडद लाल. एकाला हिरवं करणं मला कधीच पटलं नाही. ओ-थ्री ५००.७, ते निळसर-हिरवं. म्हणून मी हायड्रोजन लाल आणि ऑक्सिजन हिरवा-निळा एवढंच करतो, दोन रंगांत. डोळ्याला जे दिसलं असतं त्याच्या जवळ जाणारं तेच आहे. सोनेरी रोझेट आकाशात नाही.

आणि फिल्टर रुंद असेल, ७ नॅनोमीटर वगैरे, तर हायड्रोजन म्हणून आपण जे दाखवतो त्यात ६५८.४ ची नायट्रोजनची रेषाही मिसळलेली असते. म्हणजे "शुद्ध हायड्रोजन" हा दावाही सैलच.

---

चांदणवेळ

वर्णपट, नायट्रोजनचं अगदी खरं, आणि दोन रंगांच्या मांडणीला माझी काहीच हरकत नाही. सुपरनोव्हाचे अवशेष मी बहुतेक वेळा तशीच करते. हंसातल्या व्हेल (Veil, बुरखा) तेजोमेघाचे लाल आणि निळसर धागे त्या मांडणीत जसे सुटे दिसतात तसे दुसऱ्या कशात दिसत नाहीत.

पण "प्रामाणिक" या शब्दाबद्दल माझं मत वेगळं आहे. हबल मांडणी मनमानी नाही. सगळ्यात लांब तरंगलांबी लाल, मधली हिरवी, सगळ्यात आखूड निळी, हाच क्रम त्यात पाळलाय, फक्त ताणून. १ एप्रिल १९९५ ला जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबल दुर्बिणीकडून गरुड तेजोमेघाचे ते प्रसिद्ध खांब (पिलर्स ऑफ क्रिएशन) टिपले, तेव्हा हेच तीन वायू तीन रंगांत वेगळे केले होते. दोन लाल रेषा डोळ्याला एकच वाटतात, पण त्या वायूच्या दोन वेगळ्या अवस्था सांगतात. त्या वेगळ्या दाखवल्या तर खांबांची कड कुठे झिजतेय ते दिसतं. एकाच लालमध्ये मिसळल्या तर ती माहिती जाते. मला तर ते मिसळणंच कमी प्रामाणिक वाटतं.

ऑक्सिजनच्या त्या रेषेचा इतिहास आठवा. विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ चा वर्णपट पाहिला आणि त्यात कुठल्याही माहीत पदार्थाशी न जुळणारी हिरवी रेषा मिळाली. लोकांनी तिच्यासाठी नेब्युलियम नावाचं नवं मूलद्रव्य मानलं. तो साधा ऑक्सिजनच आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि कमालीच्या विरळ जागेत असलेला, हे १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं. साठाहून जास्त वर्षं माणसं त्या एका रेषेपाशी अडली होती. मी ओ-थ्रीचा मास्टर उघडते तेव्हा हे मनात असतं, आणि तो हायड्रोजनच्या उजेडाखाली दबू नये असं वाटतं.

पहाटतारा, तुमच्या शंकेबद्दल. स्ट्रेच हीच मुळात प्रमाण बदलणारी क्रिया आहे, एकत्र करा की वेगळी. कुठला वायू किती हे मोजायचं असेल तर लिनियर मास्टर आहेत, त्यांना कोणी हात लावलेला नाही. रंगीत चित्र "किती" सांगण्यासाठी नाही, "कुठे" सांगण्यासाठी आहे. तुम्ही चॅनेल पूर्ण एकसारखे स्ट्रेच केलेत तर उजेड हायड्रोजनचा आणि रंगही हायड्रोजनचाच, बाकी दोघांच्या साडेचौदा तासांचा पत्ताच लागणार नाही. फक्त एक पथ्य पाळा: एका चॅनेलवर जे कराल ते पूर्ण चॅनेलवर करा. पोकळीत ब्रशने निळा भरायचा नाही. जिथे ऑक्सिजन नाही तिथे आकाशी दिसता कामा नये.

---

मृगशीर्ष_नवी

मध्येच विचारते, माफ करा. माझा कॅमेरा रंगीत आहे आणि फिल्टर दुहेरी, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकदम देणारा. यातलं मला काही लागू होतं का?

---

ध्रुव४२

बरंचसं होतं. रंगीत सेन्सरवर हायड्रोजन लाल पिक्सेलांत येतो आणि ऑक्सिजन हिरव्या-निळ्यांत. सिरिलमध्ये दोन्ही वेगळे काढायची सोय आहे. स्टॅकिंगच्या वेळीच वेगळे काढा, म्हणजे दोन मोनो मास्टर मिळतील. पुढे चांदणवेळ सांगतात तसंच. चारातले एकच पिक्सेल लाल असल्यामुळे हायड्रोजन विस्ताराला थोडा कमी असतो. सल्फर तुमच्याकडे नाही, तेव्हा तीन वायूंचं चित्र करायला जाऊ नका, दोन रंगांचं छान येतं. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं मिश्रण हिरव्यात टाकून सोनेरीकडे झुकवता येतं.

आणि चांदणवेळ, फोरॅक्सबद्दल तुम्ही काहीच म्हणाला नाहीत.

---

चांदणवेळ

कारण मला ते चांगलं वाटतं, वाद घालायला काही नव्हतं. त्यात मिश्रणाचं प्रमाण ठरलेलं नसतं, प्रत्येक पिक्सेलमध्ये ऑक्सिजन किती आहे त्यावरून ते बदलतं, ही कल्पना सुंदर आहे. फक्त त्याला आधीच नीट स्ट्रेच केलेले आणि स्वच्छ चॅनेल लागतात. ऑक्सिजनमध्ये ग्रेडियंट राहिला तर तो मिश्रणातही शिरतो आणि चित्राच्या एका कोपऱ्याचा रंगच वेगळा होतो. म्हणून नव्याने करणाऱ्यांना मी आधी निम्म्या-निम्म्या मिश्रणावर हात बसवायला सांगते. चुकलं तर कुठे चुकलं ते त्यात दिसतं.

---

पहाटतारा

आठवडाभराने लिहितोय. सगळं पहिल्यापासून केलं.

कागदावर खुणा करायचं आधी कंटाळवाणं वाटलं होतं, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. सल्फर पोकळीत जवळजवळ नाही आणि एका बाजूच्या धुळीच्या कडेला मात्र रेघ ओढल्यासारखा आहे, हे दोन महिन्यांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता ती कड नारिंगी आली आहे, आत पिवळं, पोकळीभोवती आकाशी. एससीएनआर वापरलं नाही. काळ्या गोळ्या मोजल्या, मास्टरमध्ये आहेत तेवढ्याच चित्रात आहेत. ताऱ्यांसाठी साध्या फिल्टरच्या फ्रेम घेतल्या, १२ मोनोसेरोटिस पिवळसर आलाय.

एक गोष्ट राहिली. वरच्या डाव्या कोपऱ्यात निळसर झाक आहे. ग्रेडियंट दोन वेगवेगळ्या अवजारांनी काढून पाहिला, ग्रॅक्सपर्टनेही. एकतर झाक राहते, नाहीतर तिच्याबरोबर बाहेरचा अंधुक ऑक्सिजनही जातो.

---

चांदणवेळ

हे वाचून फार बरं वाटलं.

ती झाक मला चंद्राची वाटते. ओ-थ्रीच्या सगळ्या फ्रेम अंधाऱ्या रात्रींच्या आहेत का? चंद्रप्रकाश हवेत विखुरतो तो निळ्या बाजूला जास्त, म्हणून ५०० नॅनोमीटरवर त्याचा त्रास होतो तेवढा ६५६ वर होत नाही. ३ नॅनोमीटरचा फिल्टरही त्याला पूर्ण अडवत नाही. फ्रेमा तारखेप्रमाणे लावून प्रत्येकीची पार्श्वभूमीची पातळी पाहा. चंद्राच्या फ्रेमा लगेच उठून दिसतील, त्या बाजूला ठेवून पुन्हा स्टॅक करा.

---

पहाटतारा

बरोबर. दोन रात्री चंद्र वर होता, २२ फ्रेमा त्यातल्या, आणि त्यांची पार्श्वभूमी बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट. उरतात ६२. जवळजवळ दोन तास टाकून द्यायचे जिवावर आलं, पण हिशेब केला: फ्रेमा ८४ वरून ६२ झाल्या तरी वर्गमुळाच्या हिशेबाने संकेत-नॉइजचं गुणोत्तर फार तर चौदा टक्क्यांनी घटतं, आणि त्या २२ फ्रेमा स्वतःच जास्त नॉइज घेऊन आल्या होत्या.

६२ फ्रेमांचा नवा स्टॅक झालाय. कोपरा स्वच्छ आहे, आणि बाहेरच्या पाकळीवरचा अंधुक ऑक्सिजन, जो ग्रेडियंट काढताना जात होता, तो आता पहिल्यांदाच दिसतोय. तो कागदावर खुणावला नव्हता. आज रात्री ल्युमिनन्स पुन्हा बनवायला बसतो, ऑक्सिजनचं वजन ३० वरून ४० करून.